अळिंबीला मास्तर हवा

अळिंबी टपालाने पाठवता येत नाही. बुरशीशास्त्रातली ही वरवर क्षुल्लक वाटणारी अडचण तेलंगणातल्या आदिलाबादसारख्या जिल्ह्याच्या बाबतीत निर्णायक ठरते. पिकावर तांबेरा पडला, तर रोगट पान दाबून, वाळवून, कागदात घालून पुण्याला धाडता येते. पन्नास वर्षांनीही एखादा तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली धरून बुरशीचे नाव सांगू शकतो. अळिंबी सकाळी उपटली की संध्याकाळपर्यंत काळवंडते, तिच्यात अळ्या पडतात. वाळवून ठेवली तर बीजाणू टिकतात, पण टोपीचा मूळ रंग, वास, कापल्यावर आतला पालटणारा रंग, देठावरचे नाजूक कडे, मातीत खोल उतरलेला मुळासारखा भाग, हे सगळे हातचे जाते. ओळख पटवायला नेमके हेच लागते, आणि ते अळिंबी उगवली तिथे, त्याच दिवशी नोंदवावे लागते. म्हणून अळिंबीचे ज्ञान दूरच्या संस्थेत साठवून भागत नाही. ते जिथे अळिंबी उगवते तिथे राहणाऱ्या, आणि दुसऱ्याला शिकवू शकणाऱ्या माणसात असावे लागते. आदिलाबादमध्ये अळिंबीच्या नावाने बियाणे पोहोचते, पिशव्या पोहोचतात, प्रशिक्षणेही होतात. हा माणूस मात्र कोणी घडवलेला नाही. तो घडवता येतो, याचा अर्धा पुरावा पुण्यात आहे आणि अर्धा खुद्द जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाई या गावात.

आधी पुण्याकडे पाहू. महाराष्ट्रातल्या बुरशीशास्त्राचा पाया पिकांच्या रोगांवर घातला गेला. ज्वारीची काणी, बाजरीचा गोसावी, अळूवरचा करपा, हे त्या काळचे प्रश्न होते, आणि जी. एस. कुलकर्णी, एस. एल. आजरेकर ही त्या पिढीतली नावे. ज्वारीच्या कणसातून गोड चिकट द्रव पाझरणाऱ्या रोगावरचा आजरेकरांचा निबंध १९२६ सालचा आहे. आजही त्या रोगाच्या इतिहासात त्याचा दाखला दिला जातो. त्यानंतरच्या काळात पुण्याच्या कृषी महाविद्यालयाशी जोडलेले एम. एन. कामत पुढे आले. बी. एन. उप्पल आणि एम. के. पटेल यांच्यासोबत त्यांनी १९३५ च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या बुरशींची सूची प्रसिद्ध केली. वनस्पतिरोगशास्त्राची त्यांची पाठ्यपुस्तके कृषी महाविद्यालयांत वापरली गेली. पुढे महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत, म्हणजे १९४६ साली स्थापन झालेल्या आणि १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, त्यांनी बुरशीशास्त्राचा विभाग उभा केला. तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला नाव मिळाले ते आजरेकरांचे.

कामतांच्या कारकिर्दीचे माप कसे घ्यायचे? त्यांनी किती जाती शोधल्या हे मोजता येईल, पण त्यातून त्यांचे खरे काम दिसत नाही. ते दिसते १९७१ साली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने छापलेल्या महाराष्ट्रातील बुरशींच्या सूचीच्या मुखपृष्ठावर. तिथे कामतांच्या नावापुढे पी. जी. पटवर्धन, व्ही. जी. राव आणि ए. व्ही. साठे अशी तीन नावे आहेत. पटवर्धन दगडफुलांच्या, म्हणजे शैवाकांच्या अभ्यासाकडे वळले आणि पुण्यात त्या विषयाचे स्वतंत्र दालन उघडले. साठे तांबेऱ्यांपासून सुरुवात करून अळिंबीपर्यंत आले. बुरशीच्या शास्त्रीय नावांतही ही साखळी कोरलेली आहे. एका प्रजातीला कामत आणि कलानी यांनी आजरेकरांचे नाव दिले, तर तांबेऱ्याच्या एका प्रजातीला साठे यांनी कामतांचे. एकाने दुसऱ्याला डोळा दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. संग्रह, सूची आणि पाठ्यपुस्तक ही या कामाची साधने. पण ती जिवंत राहिली, कारण प्रत्येक टप्प्यावर ती वापरायला शिकवणारा माणूस होता. आज त्याच संस्थेत बुरशींच्या जिवंत संवर्धनांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तो या साखळीच्या शेवटच्या कड्यावर उभा आहे.

या परंपरेत अळिंबी उशिरा आली, आणि त्याला कारण होते. पिकाचा रोग म्हणजे सरकारचा महसूल आणि शेतकऱ्याचे पोट. त्यासाठी पदे निर्माण झाली, प्रयोगशाळा निघाल्या. जंगलातली छत्री कोणाच्या महसुलाशी बांधलेली नव्हती. साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नैऋत्य भारतातील अळिंबींवरचा ग्रंथ विज्ञान वर्धिनीने छापला तो १९८० साली, मुंबई इलाख्याच्या सूचीनंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी. शिवाय या सगळ्या सूच्यांना सीमा होत्या. १९३५ च्या सुमाराची सूची मुंबई इलाख्याची. आदिलाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मराठी बाजूला आले, म्हणून १९७१ च्या सूचीच्या कक्षेत ते बसतात. पैनगंगेपलीकडचे जंगल बसत नाही. १९८० चा ग्रंथ नैऋत्येचा, म्हणजे सह्याद्रीकडच्या पावसाळी प्रदेशाचा; आदिलाबादचे कोरडे सागवान त्याच्याही बाहेर. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात सी. मनोहराचारी यांच्यासारख्या बुरशीतज्ज्ञांनी मोठे काम केले, पण आदिलाबादमधले उत्नूरचे जंगल तिथूनही दूरच. प्रत्येक पुस्तकाच्या कडेला असलेला हा जिल्हा कुठल्याच पुस्तकाच्या मध्यभागी आला नाही.

आता त्या जंगलात काय उगवते याकडे वळू. पहिला चांगला पाऊस झाला की वाळवीच्या वारुळांवर पांढऱ्या-करड्या छत्र्या येतात. विदर्भात लोक त्यांना सात्या म्हणून ओळखतात. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी पोसते, आणि बुरशी तिच्यासाठी लाकूड-पाला पचवून देते. या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ साली दिले. तिची खूण जमिनीखाली असते. देठ खाली लांबत जाऊन थेट वारुळातल्या बुरशीच्या बागेपर्यंत पोहोचतो. टोपीला मधोमध टोक असते, आणि पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर फिकट गुलाबी बीजाणूंचा ठसा उमटतो. तिच्याशी घोटाळा होऊ शकतो तो क्लोरोफायलम या मोठ्या पांढऱ्या छत्रीचा. ती गवताळ जागी, गावाजवळ, पावसानंतर उगवते. देठावर कडे असते, वाढली की पोटाखालचे पडदे हिरवट होतात आणि बीजाणूंचा ठसा हिरवा पडतो. खाल्ली की काही तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात. हा ठसा घ्यायला एक कागद आणि एक वाटी लागते. पण ठसा घ्यायचा असतो, हेच कोणी शिकवलेले नसते.

इथे स्थानिक शिक्षकाची गरज आणखी स्पष्ट होते. अळिंबीच्या विषबाधेवरची बहुतेक पुस्तके युरोप-अमेरिकेच्या अनुभवावर लिहिलेली आहेत, आणि त्यांत सगळा भर ॲमानिटा या प्राणघातक गटावर असतो. त्या गटातल्या बहुतेक जाती ओक, पाइन, साल अशा ठरावीक झाडांच्या मुळांशी जोडून राहतात. सागाचे मूळ वेगळ्या प्रकारच्या बुरशीशी नाते ठेवते, आणि साल तर आदिलाबादेत नाहीच. म्हणजे इथल्या सागवानात पुस्तकातले मुख्य भय कमी संभवते, आणि गावाजवळचे क्लोरोफायलमचे भय अधिक. उलट जिथे निलगिरी लावली गेली, तिथे तिच्या मुळांबरोबर राहणाऱ्या नव्या बुरशीही आल्या. स्क्लेरोडर्मा हे त्यातले एक नाव. ती गोल, जाड सालीची, आणि कापली की आत लवकरच काळसर-जांभळी होते. मध्य भारतात गोल अळिंबी आवडीने खाल्ली जाते, म्हणून ही चूक महागात पडू शकते. कागदनगरच्या कारखान्याचा पट्टा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलाच. निलगिरी इथे परकी नाही. कुठले भय खरे आणि कुठले पुस्तकी, हे सांगायला झाडे, माती आणि बुरशी एकत्र पाहणारा माणूस लागतो. साधारण सूचनांचे पत्रक ते सांगू शकत नाही.

प्रत्यक्षात आदिलाबादला जे मिळते ते वेगळे. कृषी विज्ञान केंद्रे आणि बचतगटांच्या योजनांतून अळिंबीचे प्रशिक्षण म्हणजे जवळजवळ नेहमी धिंगरीची लागवड. कल्पना चांगली आहे. हा कापसाचा जिल्हा. वेचणी संपली की पऱ्हाट्या उरतात, सोयाबीनचे कुटार उरते, आणि त्यातले बरेच जाळले जाते. तेच बारीक करून, गरम पाण्यात निर्जंतुक करून पिशवीत भरले, थर देऊन बियाणे टाकले, आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राखली, तर साधारण वीस ते अठ्ठावीस अंशांत धिंगरी येते. आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात सर्वांत थंड मानला जातो, म्हणून दिवाळीनंतरचे महिने तिला मानवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे चढतो तेव्हा तीच खोली रिकामी पडते. पण या प्रशिक्षणात शिकवले जाते ती कृती, बुरशी नव्हे. बियाणे बाहेरून येते. पिशवीत हिरवी बुरशी शिरली, तर ती कुठून आली, कुटार नीट उकळले नव्हते की बियाणेच जुने होते, हे ओळखणारे गावात कोणी नसते. मग एक हंगाम बुडतो आणि पिशव्या कोपऱ्यात पडतात. दोष बायकांच्या चिकाटीला दिला जातो. खरा दोष हा की, कृती शिकवली आणि निदान शिकवले नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लागवड रुजली की रानातली अळिंबी ओळखायची गरजच काय? पिशवीतली धिंगरी विषारी नसते. पण लागवडीचा इतिहासच याला उत्तर देतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर धिंगरी घेऊन दाखवली. उन्हाळ्यात, तीस-पस्तीस अंशांतही येणारी दुधी अळिंबी तर मूळची रानातली. बंगालमध्ये लोक ती खात होते. पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी १९७४ साली तिची शास्त्रीय ओळख पटवली, आणि १९९८ साली तामिळनाडू कृषी विद्यापीठाने तिचा लागवडीयोग्य वाण दिला. खाणाऱ्यांचे ज्ञान, ओळखणाऱ्याचा डोळा आणि मग लागवड, असा तो क्रम होता. आदिलाबादच्या रानातही गरमी सोसणारी एखादी अशी अळिंबी असू शकेल. ती असलीच तर ओळखणाऱ्याशिवाय सापडणार नाही, आणि इथल्या शेतकऱ्याला कायम दुसऱ्याच्या हवामानातले बियाणे विकत घ्यावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोंड, कोलाम, नायकपोड, परधान, थोटी हे समाज पिढ्यान्‌पिढ्या या जंगलात राहतात. त्यांना अळिंबी ओळखायला बाहेरचा मास्तर कशाला? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. वारुळावरची अळिंबी ओळखण्यात त्या घरांतल्या बायकांचा हात धरणारे कोणी नाही, आणि ‘आजीने खाल्ली तीच खायची’ हा त्यांचा नियम अनेक प्रयोगशाळांपेक्षा सुरक्षित आहे. पण या ज्ञानाची अट अशी की माणसे आणि जंगल दोन्ही जागेवर राहिली पाहिजेत. आता तसे नाही. आश्रमशाळेतली मुले जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमक्या अळिंबीच्या दिवसांत, वसतिगृहात असतात, रानात नसतात. सागवानाच्या जागी निलगिरी आली की आजीला न भेटलेली बुरशी उगवते. आणि बाजारात टोपलीने अळिंबी विकत घेणाऱ्या शहरातल्या माणसाकडे आजीही नसते आणि रानही नसते. मास्तर हवा तो जुने ज्ञान बदलायला नव्हे. ते लिहून काढून पुढच्या पिढीला द्यायला, आणि नव्याने आलेल्या गोष्टींशी जोडायला. तो त्याच घरांतून आला तर उत्तम.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. मोबाइलने फोटो काढला की नाव मिळते, आणि फारच शंका आली तर जनुकीय चाचणी आहे. पण फोटोत टोपी दिसते. बीजाणूंचा रंग दिसत नाही, मातीतला देठ दिसत नाही, वास येत नाही. आधी सांगितलेल्या दोन पांढऱ्या छत्र्यांमधला फरक नेमका या न दिसणाऱ्या जागी आहे. शिवाय असे ॲप शिकलेले असते ते जिथे फोटो भरपूर आहेत तिथल्या अळिंबींवर, आणि आदिलाबादचे फोटो फारसे कोणी घातलेले नाहीत. जनुकीय चाचणी खरी. पण तिचे उत्तर म्हणजे आधी नाव दिलेल्या नमुन्यांशी जुळणी. ज्या प्रदेशाचे नमुने संग्रहात नाहीत, तिथे यंत्र जवळचे नाव देऊन गप्प बसते. म्हणजे यंत्रालाही शेवटी कामत-साठे यांच्यासारखे काम करून ठेवणारा कोणीतरी लागतोच.

चौथा आक्षेप नैतिक आहे. ओळख शिकवली की लोभ वाढेल, आणि रान ओरबाडले जाईल. गोव्यात वारुळावरची अळमी पावसाळ्यात मोठ्या किमतीला विकली जाते. गोवा विद्यापीठात शिकवलेले बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी तिच्या बेसुमार तोडीविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले आहे. पण गोव्याची गोष्ट नीट वाचली तर ती उलटा धडा देते. तोड वाढली ती बाजाराच्या ओढीत अज्ञानाची भर पडल्याने. आणि तिला आवर घालण्याची भाषा एका शिक्षकानेच दिली. वारूळ फोडू नये, पूर्ण उमललेल्या काही छत्र्या बीजाणूंसाठी सोडाव्यात, ही शिस्त ज्याला बुरशीचे जीवनचक्र कळते तोच पाळू शकतो. कायद्याच्या बाजूनेही गरज आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची यादी आहे. तिच्यात बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, मुळे, कंद अशी नावे आहेत. अळिंबीचे नाव नाही. ती ‘आणि तत्सम’मध्ये धरून घ्यावी लागते. ग्रामसभेला हा हक्क सांभाळायचा आणि तोडीचे नियम ठरवायचे असतील, तर आपल्या रानात काय उगवते याची स्वतःची नोंद हवी. त्या नोंदीसाठीही माणूसच लागतो.

हा माणूस आदिलाबादेत घडू शकतो का, या शंकेला इतिहासाने आधीच उत्तर दिलेले आहे. गोंड नेते कोमरम भीम यांच्या लढ्यानंतर निजामाच्या सरकारला गोंडांकडे लक्ष द्यावे लागले, आणि मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ साली मार्लवाई इथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेतली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार केली गेली. गावातलीच तरुण मुले शिकून मास्तर झाली आणि आपल्या गावांत शिकवू लागली. त्याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम केलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी इतिहासलेखनाबरोबरच गोंडी आणि कोलामी भाषांची व्याकरणे लिहिली. म्हणजे मराठी विद्वत्तेनेही या भागाशी शिकण्याचे नाते एकदा जोडले होते. १९५६ नंतर शाळांचा कल तेलुगूकडे गेला आणि तो प्रयोग मागे पडला. पण मार्लवाईने एक गोष्ट सिद्ध केली. बाहेरून तज्ज्ञ आणून बसवण्यापेक्षा तज्ज्ञाने स्थानिक मास्तर घडवणे या जिल्ह्यात साधते, आणि ते लोकांच्या भाषेत साधते.

मग करायचे काय, हे अवघड राहत नाही. गोंडी, मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या काही तरुण-तरुणींना, शक्यतो आश्रमशाळांतल्या शिक्षकांना आणि बचतगटांतल्या बायकांना, एखादी कार्यशाळा देऊन सोडू नये; सलग दोन-तीन पावसाळे पुण्याच्या आणि हैदराबादच्या तज्ज्ञांबरोबर रानात काम करायला द्यावे. त्यांना ठसा घेणे, ताज्या अवस्थेत नोंद करणे, नमुना वाळवणे, पिशवीतल्या रोगाचे निदान करणे शिकवावे. नमुन्यांची एक जोडी पुण्याच्या संग्रहात आणि एक जिल्ह्यात राहावी. आश्रमशाळेच्या वेळापत्रकात पावसाळ्यातले काही तास आज्यांबरोबर रानात जाण्यासाठी ठेवावेत. आणि या माणसाला पद द्यावे, मानधन द्यावे. कारण पदाशिवाय मास्तर टिकत नाही, हे एम. एन. कामतांच्या कारकिर्दीने आणि मार्लवाईच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रयोगाने सारखेच दाखवले आहे. खर्च एका मोठ्या बियाणे योजनेपेक्षा थोडाच. सरकारी अहवालात अळिंबीचा हिशोब किलोंत आणि वाटलेल्या पिशव्यांत मांडला जातो. आदिलाबादसाठी तो एका वेगळ्या रकान्यात मांडायला हवा: या वर्षी किती माणसे अळिंबी ओळखायला शिकली, आणि त्यांतली किती जणे दुसऱ्याला शिकवू लागली. त्या रकान्यात आकडा भरता येत नाही तोवर बाकीचे रकाने भरून जिल्ह्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.